समुद्राचे किनाऱ्यावरील राखणदार

दर्यावर्दी माणसाच्या आयुष्यासंबंधानें आपल्या समाजांत एक समजूत रूढ आहे. तारुण्यांत त्यानें देशोदेशींचीं बंदरें पाहावीं, पंचेचाळिशी उलटली कीं घरीं यावें, आणि पुढें साठविलेल्या पुंजीवर अंगणांतल्या झाडांना पाणी घालीत बसावें, अशी ती समजूत आहे. जमिनीवर त्याच्या विद्येचा उपयोग तो काय? सुकाणू धरण्याचें, सागरी नकाशा वाचण्याचें, जहाजाचें यंत्र चालविण्याचें ज्ञान घराच्या ओसरीवर कोणाच्या कामीं येणार? आजच्या भाषणांत मला असें दाखवावयाचें आहे कीं, गेल्या पावणेदोनशें वर्षांच्या इतिहासानें या समजुतीस स्पष्ट उत्तर दिलें आहे. समुद्राची निगा राखण्याचें बरेंचसें काम किनाऱ्यावर बसूनच करावें लागतें. परंतु तें करण्याची विद्या समुद्रावर मिळते. समुद्रासंबंधीं चांगले कायदे पुष्कळदां झाले. ते कागदावरून पाण्यावर उतरविण्यास मात्र जहाज आंतून ओळखणारा माणूस लागला. तो जेथें लाभला नाहीं, तेथें कायदा निजून राहिला.

प्रथम दोन जुनीं उदाहरणें घेऊं. अमेरिकेच्या आरमारांतील मॅथ्यू फाँटेन मॉरी या अधिकाऱ्याचा पाय १८३९ सालीं घोडागाडीच्या अपघातांत जायबंदी झाला व त्याची समुद्रावरील नोकरी संपली. १८४२ सालीं त्याची नेमणूक वॉशिंग्टन येथें, आरमाराचे नकाशे व उपकरणें ज्या कोठारांत ठेवीत असत, त्या कोठारावर झाली. तेथें जहाजांच्या जुन्या रोजनिशा पडून होत्या. कारकुनाच्या दृष्टीनें ती रद्दी होती. मॉरीनें स्वतः जहाजावर दिवस काढलेले असल्यामुळें त्याला तिच्यांत वारा, प्रवाह आणि हवामान यांच्या असंख्य नोंदी दिसल्या. त्या एकत्र करून त्यानें वाऱ्यांचे व प्रवाहांचे तक्ते काढले. आणि १८५३ सालीं ब्रुसेल्स येथें जी परिषद भरली, तींत निरनिराळ्या राष्ट्रांच्या जहाजांनीं एकाच पद्धतीनें नोंदी ठेवाव्या असें ठरविण्यांत त्याचा पुढाकार होता.

दुसरें उदाहरण रॉबर्ट फिट्झरॉय याचें. चार्ल्स डार्विन ज्या ‘बीगल’ जहाजावरून जगप्रवासास गेला, त्याचा हा कप्तान. १८५४ सालीं ब्रिटिश सरकारनें हवामानाच्या नोंदी गोळा करण्यासाठीं एक लहानसें खातें काढलें आणि फिट्झरॉयला त्याचा प्रमुख नेमलें. १८५९ च्या ऑक्टोबरांत ‘रॉयल चार्टर’ हें जहाज वेल्समधील अँगलसी बेटाच्या किनाऱ्यावर वादळांत फुटून चारशेंहून अधिक माणसें मृत्यु पावलीं. नुसत्या नोंदी जमवून भागणार नाहीं, त्या वेळेवर खलाशापर्यंत पोहोंचल्या पाहिजेत, हें जुन्या कप्तानानें ओळखलें आणि १८६१ पासून तारायंत्राच्या साहाय्यानें बंदरांना वादळाच्या सूचना देण्यास आरंभ केला. या दोघांनीं किनाऱ्यावर येऊन जें केलें, तें त्यांनीं समुद्रावर असतांना केलेल्या कोणत्याहि कामाहून मोठें ठरलें.

त्याच सुमारास किनाऱ्यावरील दर्यावर्दीसाठीं एक नियमित पेशाहि निर्माण होत होता. १८५० च्या कायद्यानें ब्रिटनमध्यें परदेशीं जाणाऱ्या जहाजांच्या कप्तानांस परीक्षा सक्तीची झाली, आणि व्यापारी जहाजांवरील देखरेख बोर्ड ऑफ ट्रेड या खात्याकडे आली. पुढें सॅम्युअल प्लिम्सॉल या लोकप्रतिनिधीच्या चळवळीमुळें १८७६ सालीं जहाजाच्या बाजूवर भाररेषा काढणें सक्तीचें झालें. परीक्षा घेणारा, भाररेषा तपासणारा, होड्या व बाष्पपात्रें पाहणारा असा जो सर्वेक्षक लागे, तो स्वाभाविकच जुन्या कप्तानांतून, इंजिनियरांतून किंवा जहाजबांधणी जाणणाऱ्या कारागिरांतून येई. तथापि त्या काळचा सारा विचार माणसाला समुद्रापासून कसें वांचवावें हा होता. समुद्रालाहि माणसापासून वांचवावें लागेल ही कल्पना पुढच्या शतकांत आली, आणि ती तेलानें आणली.

विसाव्या शतकाच्या आरंभीं जहाजें कोळसा सोडून तेल जाळूं लागलीं, आणि तेलाची वाहतूकहि समुद्रमार्गें वाढली. येथें जहाजाच्या व्यवहारांतली एक साधी गोष्ट समजून घेतली पाहिजे. तेलवाहू जहाज माल उतरवून परत निघालें कीं तें हलकें होतें. लाटांवर त्याचा तोल राहावा म्हणून टाक्यांत समुद्राचें पाणी भरावें लागतें. जुन्या पद्धतींत हें पाणी तेलाच्याच टाक्यांत भरीत. टाकीच्या भिंतींना चिकटलेलें तेल त्यांत मिसळे. पुढचा माल घेण्यापूर्वीं टाक्या धुवून तें तेलकट पाणी समुद्रांत सोडून देत. शिवाय प्रत्येक जहाजाच्या तळाशीं, यंत्रघरांत, गळलेलें तेल आणि पाणी यांचें मिश्रण सांचतें. तेंहि बाहेर टाकीत. हें काम कोणी दुष्टपणानें करीत नसे. तसेंच शिकविलेलें होतें आणि वरिष्ठांची तशीच आज्ञा असे. अपघातानें सांडलेलें तेल डोळ्यांत भरतें, त्याची वार्ता होते. परंतु रोजच्या या धुण्यामुळें समुद्रांत जाणाऱ्या तेलाची वार्ता कधीं होत नसे. किनाऱ्यावर काळे गोळे येत आणि पंख माखलेले पक्षी मरून पडत, तेवढेंच लोकांना दिसे.

ब्रिटननें १९२२ सालीं आपल्या जलहद्दीपुरता कायदा केला. १९२६ सालीं वॉशिंग्टन येथें राष्ट्रांची परिषद भरली, पण तिच्यांतून करार निघाला नाहीं. अखेर १९५४ सालीं लंडनमध्यें पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला व तो १९५८ पासून अंमलांत आला. किनाऱ्यापासून साधारणतः पन्नास मैलांच्या आंत तेलकट पाणी सोडूं नये, असा त्याचा मुख्य आशय होता. नियम चांगला होता. परंतु पन्नास मैलांवर रात्रीच्या वेळीं काय सोडलें जातें तें पाहणार कोण? शिक्षा करण्याचा अधिकार बहुतांशीं जहाज ज्या देशाचें निशाण लावी त्या देशाकडे. आणि तो देश कित्येकदां हजारों मैल दूर. करारावर सह्या झाल्या, टाक्या पूर्ववत् धुतल्या जात राहिल्या.

१८ मार्च १९६७ रोजीं ‘टॉरी कॅनियन’ हें प्रचंड तेलवाहू जहाज इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोंकाशीं, कॉर्नवॉल व सिली बेटें यांच्यामधील खडकांवर चढलें. त्याच्या पोटांत सुमारें १,१९,००० टन कच्चें तेल होतें. त्याचें काय करावयाचें हें सरकारांत कोणालाच ठाऊक नव्हतें. तवंग फोडण्यासाठीं सुमारें १०,००० टन रासायनिक द्रव्य ओतण्यांत आलें. शेवटीं विमानांतून बाँब टाकून उरलेलें तेल पेटविण्याचा प्रयत्न झाला. नंतर प्लिमथ येथील सागरी प्रयोगशाळेंतील शास्त्रज्ञांनीं किनारा तपासला, तेव्हां त्यांस असें आढळलें कीं, खडकांवरील शंखशिंपल्यांची व इतर जीवांची हानि तेलापेक्षां त्या द्रव्यानेंच अधिक केली होती. जहाज जाणणारा, तेल जाणणारा आणि समुद्रांतील जीव जाणणारा, हीं तीन माणसें एका मेजाभोंवतीं कधींच बसलेलीं नव्हतीं. त्यांना एकत्र बसविण्याची गरज या अपघातानें जगाला पटविली. पुढच्याच वर्षीं, १९६८ मध्यें, तेलवाहू जहाजांच्या मालकांनीं लंडन येथें एक संस्था स्थापन केली. सांडलेल्या तेलाच्या जागीं तज्ज्ञ सल्लागार पाठविण्याचें तिचें काम आजहि चालू आहे.

यानंतर १९७३ सालीं लंडनमध्यें नवा करार झाला, १९७८ सालीं त्यांत भर पडली, आणि २ ऑक्टोबर १९८३ पासून तो लागू झाला. दर्यावर्दी लोकांत तो ‘मार्पोल’ या नांवानें प्रसिद्ध आहे. तेल, घातक रसायनें, सांडपाणी, कचरा, पुढें धुरांतील दूषित वायु, अशा सर्व बाबी त्यांत आल्या. यंत्रघरांतील तेलकट पाणी गाळणयंत्रांतून सोडावें, आणि बाहेर जाणाऱ्या पाण्याच्या दशलक्ष भागांत तेलाचे पंधराहून अधिक भाग असूं नयेत, असा दंडक झाला. तेल कोठून कोठें हलविलें, किती जाळलें, किती बंदरावर उतरविलें याची नोंद एका स्वतंत्र वहींत सहीनिशीं ठेवावी लागते. ही ‘तेलनोंदवही’ हेंच पुढें किनाऱ्यावरील राखणदाराचें मुख्य साधन झालें.

परंतु वही वाचणारा हवा. १६ मार्च १९७८ रोजीं ‘अमोको कॅडिझ’ या जहाजाचें सुकाणू निकामी होऊन तें फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर फुटलें. दोन लाख वीस हजार टनांहून अधिक तेल किनाऱ्यावर आलें. परदेशी निशाणाच्या जहाजाची स्थिति ठीक आहे कीं नाहीं हें आपल्या बंदरांत आपणच पाहिलें पाहिजे, असें युरोपांतील लोक म्हणूं लागले. १९८२ सालीं पॅरिस येथें चौदा देशांच्या सागरी खात्यांनीं तसा समझोता केला. निशाण कोणाचेंहि असो, जहाज बंदरास लागलें कीं तेथील अधिकाऱ्यानें वर चढावें, दाखले व यंत्रें तपासावीं, दोष मोठा असल्यास जहाज अडकवून ठेवावें, अशी ही व्यवस्था आहे. आज जगांत अशा नऊ प्रादेशिक व्यवस्था असून अमेरिकेची स्वतःची निराळी आहे.

आतां हा वर चढणारा अधिकारी कोण असावा? साधारणतः कप्तान किंवा मुख्य इंजिनियर या दर्जाचा दाखला व समुद्रावरील अनुभव असलेला, अथवा जहाजबांधणी किंवा यंत्रशास्त्र शिकून या कामाचें खास शिक्षण घेतलेला, अशी अपेक्षा ठेवलेली असते. अनुभवाचें महत्त्व कशांत आहे तें एका हिशेबावरून कळेल. जड इंधन यंत्रांत जाळण्यापूर्वीं शुद्ध करावें लागतें, आणि त्यांतून ढोबळ मानानें शेंकडा एकाच्या आसपास गाळ निघतो. रोज ४० टन इंधन जाळणाऱ्या जहाजांत महिन्याला १२ टनांच्या आसपास गाळ सांचला पाहिजे. तो जाळला असेल तर भट्टी इतके तास चालली पाहिजे. बंदरावर उतरविला असेल तर पावती पाहिजे. वहींत गाळ फारच थोडा दिसला, तर ज्यानें स्वतः वीस वर्षें यंत्रघर चालविलें आहे तो लगेच थबकतो. मग तो खालीं उतरतो आणि नळ्यांचे जोड पाहतो. सर्व नळी जुन्या रंगाची असतां एकाच जोडाच्या बोल्टांवर पान्याचे ताजे ओरखडे कां? गाळणयंत्राला वळसा घालून थेट समुद्रांत जाणारी एखादी तात्पुरती नळी येथें बसवीत तर नसतील? खलाशांच्या बोलींत तिला ‘मॅजिक पाइप’ म्हणतात. पुस्तक वाचून आलेल्याला वही दिसते. यंत्रघरांत घाम गाळलेल्याला वहींत न लिहिलेलें दिसतें.

हें केवळ कल्पनेंतलें नाहीं. २०१३ च्या ऑगस्टमध्यें ‘कॅरिबियन प्रिन्सेस’ या विलासी प्रवासी जहाजावर नव्यानेंच लागलेल्या एका इंजिनियरला अशीच नळी आढळली. इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ तेलकट पाणी सोडलें गेलें होतें. जहाज साउदॅम्प्टनला पोहोंचतांच त्यानें नोकरी सोडली आणि ब्रिटिश सागरी अधिकाऱ्यांस सर्व हकीकत कळविली. तपास अमेरिकेपर्यंत गेला, आणि २०१६ च्या डिसेंबरांत प्रिन्सेस क्रूझ लाइन्स या कंपनीनें गुन्हे कबूल करून ४ कोटि डॉलर दंड देण्याचें मान्य केलें. पुढें पांच वर्षें कंपनीच्या जहाजांची त्रयस्थ तपासणी व न्यायालयानें नेमलेल्या देखरेख्याची नजर अशी अटहि आली. एका तरुणाच्या धैर्यानें हें झालें हें खरें. परंतु त्याचें म्हणणें ऐकून, समजून, पुराव्यांत मांडणारीं जाणतीं माणसें किनाऱ्यावर नसतीं, तर तें धैर्य वायां गेलें असतें.

कंपनीच्या कचेरींतहि दर्यावर्दीला जागा झाली ती अशाच दुःखद कारणानें. ६ मार्च १९८७ रोजीं बेल्जियमच्या झीब्रुगे बंदराबाहेर ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ ही प्रवासी बोट पुढचे दरवाजे उघडे राहिल्यामुळें उलटली व १९३ माणसें गेलीं. दरवाजे बंद करणारा निजला होता. तथापि चौकशींत दोष कचेरीपर्यंत पोहोंचला, कारण जहाजावरच्या लोकांनीं पूर्वीं केलेल्या सूचना तेथें कोणी मनावर घेतल्या नव्हत्या. यांतून जो आंतरराष्ट्रीय सुरक्षा-नियम निघाला, तो १९९८ पासून प्रवासी व तेलवाहू जहाजांना आणि २००२ पासून इतर बहुतेक जहाजांना लागू झाला. सुरक्षितता व समुद्राची स्वच्छता या दोन्ही गोष्टींसाठीं कंपनीनें किनाऱ्यावर एक जबाबदार व्यक्ति नेमावी आणि तिला सर्वोच्च मालकाशीं थेट बोलण्याचा अधिकार असावा, असें त्यांत सांगितलें आहे. रात्रीं दोन वाजतां जहाजावरून इंजिनियरचा फोन येतो, ‘गाळणयंत्र बंद पडलें, टाकी भरत आली, काय करूं?’ त्या वेळीं पलीकडे स्वतः त्या जागीं उभा राहिलेला मनुष्य असला तर तो म्हणतो, ‘जवळचें बंदर धर, पाणी तेथें उतरव, खर्चाचें मी पाहतों.’ तसा मनुष्य नसला तर उत्तर येतें, ‘तुझें तूं पाहा.’ त्या तीन शब्दांतून पुष्कळशा चोरनळ्या जन्मास आल्या असाव्यात.

संकटाच्या वेळीं किनाऱ्यावरील निर्णयावर किती अवलंबून असतें हें दोन जहाजांच्या तुलनेवरून पाहूं. २००२ च्या नोव्हेंबरांत स्पेनच्या गॅलिशिया प्रांतापाशीं ‘प्रेस्टीज’ हें जुनें तेलवाहू जहाज वादळांत फुटूं लागलें. त्याला आश्रयाच्या जागीं घेण्याऐवजीं अधिकाऱ्यांनीं दूर समुद्रांत नेण्याची आज्ञा केली. सहा दिवसांनीं तें दुभंगून बुडालें; साठ हजार टनांहून अधिक जड तेल सांडलें आणि स्पेन, फ्रान्स व पोर्तुगाल यांचे किनारे माखले. ब्रिटनमध्यें १९९६ सालीं ‘सी एम्प्रेस’ जहाजाचें सुमारें ७२,००० टन तेल वेल्सच्या किनाऱ्यावर सांडल्यानंतर धडा घेण्यांत आला होता. १९९९ पासून तेथें असा एक अधिकारी नेमण्यांत आला कीं, संकटांतील जहाजाविषयीं अंतिम निर्णय त्यानें एकट्यानें घ्यावा. मंत्र्यांनीं एकतर त्याला पाठिंबा द्यावा, नाहींतर काढून टाकावें, मध्येंच हात घालूं नये. २००७ च्या जानेवारींत ‘एमएससी नॅपोली’ या मालवाहू जहाजाला इंग्लिश खाडींत तडे गेले. खलाशी हेलिकॉप्टरांनीं वांचविल्यावर या अधिकाऱ्याच्या निर्णयानें जहाज डेव्हनमधील ब्रँसकम गांवाजवळ उथळ पाण्यांत मुद्दाम टेकविण्यांत आलें. कंटेनर वाहून आले, थोडें तेल सांडलें, लोकांनीं टीकाहि केली. परंतु इंधनाचा मोठा भाग काढून घेतां आला. जहाज किती वेळ तग धरील, वारा कोणत्या दिशेस फिरेल, वाळूचा तळ कोठें आहे, अशा प्रश्नांचीं उत्तरें कचेरींत बसून देतां येणें ही साधी गोष्ट नव्हे.

आतां आपल्या देशाकडे वळूं. १९२७ सालीं मुंबईंत ‘डफरिन’ या शिक्षणनौकेवर हिंदी मुलांना जहाजाचे अधिकारी होण्याचें शिक्षण मिळूं लागलें, आणि १९४९ सालीं जहाजवाहतूक महासंचालकांची कचेरी मुंबईंत स्थापन झाली. डफरिनवरून व तिच्या मागून निघालेल्या ‘राजेंद्र’ नौकेवरून बाहेर पडलेल्यांपैकीं कित्येक जण सर्वेक्षक, परीक्षक व बंदरांचे अधिकारी झाले. १९७८ च्या कायद्यानें तटरक्षक दल उभें राहिलें. समुद्रांतील तेलाच्या संकटाशीं झुंजण्याची जबाबदारी १९८६ पासून त्याच्याकडे आली, आणि १९९६ पासून त्यासाठीं राष्ट्रीय योजनाहि आहे. पॅरिसच्या धर्तीवर हिंदी महासागराच्या कांठच्या देशांनीं जी तपासणीची व्यवस्था केली, ती १९९९ च्या एप्रिलपासून चालू झाली. तिची मुख्य कचेरी आपल्या शेजारीं गोव्यांत आहे, हें पुष्कळांना ठाऊक नसतें.

जागतिक कार्यांत एका भारतीय गृहस्थाचा वांटा तर विशेष आहे. चंद्रिका प्रसाद श्रीवास्तव हे मुंबईंतील भारतीय नौवहन निगमाचे पहिले प्रमुख; १९७४ ते १९८९ पर्यंत ते आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचे सरचिटणीस होते. ते स्वतः खलाशी नव्हते, सनदी अधिकारी होते. परंतु नव्या स्वतंत्र देशांनीं करारावर सह्या केल्या तरी ते अंमलांत आणणारीं शिकलेलीं माणसें त्यांच्यापाशीं नाहींत, हें त्यांनीं ओळखलें. त्यांच्या प्रयत्नानें १९८३ सालीं स्वीडनमधील माल्मो येथें जागतिक सागरी विद्यापीठ स्थापन झालें. तेथें निरनिराळ्या देशांतील कप्तान, इंजिनियर व सागरी खात्यांतील अधिकारी येतात आणि कायदा, शासन व समुद्राचें संरक्षण यांचा अभ्यास करून मायदेशीं परततात. मॉरीला अपघातानें मिळालेली किनाऱ्यावरील वाट या विद्यापीठानें विचारपूर्वक आंखून दिली.

आपल्याला या विद्येची गरज किती आहे, हें ७ ऑगस्ट २०१० रोजीं मुंबईकरांना कळलें. बंदराबाहेर ‘एमएससी चित्रा’ व ‘खलिजिया’ या जहाजांची टक्कर झाली, शेंकडों टन तेल सांडलें, कंटेनर पाण्यांत पडून जहाजांचा मार्ग अडला, आणि रायगडच्या बाजूच्या कांदळवनांना तेल चिकटलें. कांदळाच्या मुळांशीं शिरलेलें तेल ओरबाडून काढूं जावें तर मुळेंच तुटतात. कोठें हात घालावा आणि कोठें निसर्गावर सोपवावें हें ठरविण्यास जहाजाचें, भरती-ओहोटीचें व वनस्पतीचें असें तिहेरी ज्ञान लागतें.

आणि कामाची व्याप्ति वाढतच आहे. तोल राखण्यासाठीं भरलेल्या पाण्याबरोबर एका समुद्रांतील जीव दुसऱ्या समुद्रांत जातात. अमेरिकेच्या मोठ्या सरोवरांत १९८० नंतरच्या दशकांत युरोपांतील एक लहानसा शिंपला असाच शिरला आणि पाण्याच्या नळ्या बुजवूं लागला. २००४ सालीं यावर करार झाला, तो ८ सप्टेंबर २०१७ पासून लागू झाला. १ जानेवारी २०२० पासून जहाजाच्या इंधनांतील गंधकाचें प्रमाण साधारणतः शेंकडा साडेतीनवरून अर्ध्यावर आणण्यांत आलें. जुनीं जहाजें मोडण्यासंबंधींचा हाँगकाँग करार २६ जून २०२५ पासून अंमलांत आला आहे. गुजराथेंतील अलंगच्या किनाऱ्याशीं त्याचा साक्षात् संबंध आहे. जहाजांत ॲस्बेस्टॉस कोठें, विषारी रंग कोठें, कोणत्या टाकींत गाळ राहिला, याची यादी आतां करावी लागते. ती कशी वाचावी हें ज्यानें जहाज खोलून दुरुस्त केलें आहे त्याला सांगावें लागत नाहीं.

याचा अर्थ असा नव्हे कीं, जहाजावरून उतरलेला प्रत्येक जण उत्तम राखणदार होतो. त्याच्यापुढें तीन अडचणी असतात. पहिली अभ्यासाची. टाकी धुण्याचें ज्ञान म्हणजे रसायनशास्त्र नव्हे, आणि समुद्र पुष्कळ पाहिला म्हणून समुद्रांतले जीव कळतात असें नाहीं. पंचेचाळिसाव्या वर्षीं पुन्हा विद्यार्थी होण्याची नम्रता लागते. दुसरी अडचण मानाची. जहाजावर कप्तानाचा शब्द अखेरचा. कचेरींत तो चौथ्या खोलींतला अहवाल लिहिणारा. तिसरी सर्वांत अवघड, ती निष्ठेची. ज्या सवयींत आपण स्वतः वाढलों, त्याच दुसऱ्याच्या जहाजावर दोष म्हणून लिहावयाच्या असतात. समोरचा इंजिनियर थकलेला आहे, मालकानें त्याला सुटे भाग दिले नाहींत, हेंहि दिसत असतें. अशा वेळीं दोष न लपवितां, तो कोठून आला हें शोधणें, आणि खालच्या माणसावर सारें न ढकलतां वरच्या जबाबदार माणसापर्यंत जाणें, हें खरें कसोटीचें काम आहे.

आणखी एक गोष्ट मला विशेष आग्रहानें सांगावयाची आहे. आतांपर्यंत ज्या जागांचें वर्णन केलें, त्या बहुतेक दाखलेवाल्या अधिकाऱ्यांच्या आहेत. परंतु टाकींत उतरून गाळ उपसणारा, नळी जोडणारा, दोर ओढणारा जो खलाशी, त्याचें काय? रत्नागिरी जिल्ह्यांतील कितीतरी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसें मुंबई बंदरांतून परदेशी जहाजांवर गेलीं. जहाजाच्या तळाशीं काय चालतें हें त्यांच्याइतकें कोणालाच ठाऊक नाहीं. तथापि किनाऱ्यावर आल्यावर त्यांच्या या ज्ञानाला कोणतीहि पायरी ठेवलेली नाहीं. बंदरांतील तेलकट पाणी उतरवून घेण्याचीं केंद्रें, तवंग अडविणाऱ्या तुकड्या, जहाजें मोडण्याच्या जागा, येथें मुकादमाची व शिकविणाऱ्याची जागा अशा अनुभवी खलाशाला थोड्या शिक्षणानंतर देतां येणार नाहीं काय? प्लिम्सॉलची भाररेषा खलाशाच्या प्राणासाठीं आली. समुद्र राखण्याच्या कामांतहि त्या खलाशाला मानाचा वांटा मिळणें न्याय्य होय.

श्रोतेहो, मुलगा जहाजावर जातों म्हणाला कीं आईबाप विचारतात, ‘पुढें काय? आयुष्यभर का पाण्यावर राहणार आहेस?’ प्रश्न योग्य आहे, आणि त्याचें उत्तर आतां देतां येतें. जहाजावर असतांना नोंदवही खरी लिहिण्याची संवय ठेव, थोडें रसायन व थोडें जीवशास्त्र वाचीत राहा, आणि उतरण्याची वेळ आली कीं बंदरांत, सरकारी खात्यांत, कंपनीच्या कचेरींत वा अलंगच्या किनाऱ्यावर तुझ्याजोगें काम उभें आहे. आज सागरी करारांची संख्या पुष्कळ झाली आहे. ते खरे करून दाखविणारीं माणसें त्या मानानें थोडीं आहेत, आणि तीं जहाजांवरूनच यावयाचीं आहेत.